स्क्रूवरचा लाल थेंब

जिनतच्या बाळाला ताप आला त्या दिवशी मला कळलं, आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही.

जिनत माझी मुलगी. बाळाला घेऊन चार दिवस आमच्याकडे नाना पेठेत राहायला आली होती. तिनं बाळाच्या काखेत थर्मामीटर ठेवला, मला म्हणाली, "अब्बा, वाजला की काढा," आणि दूध गरम करायला आत गेली. मी धरून बसलो. दोन मिनिटं झाली, पाच झाली, थर्मामीटर काही वाजेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मेहरुनचा, म्हणजे माझ्या बायकोचा आवाज आला, "कधीचा वाजतोय तो. काढा की." आमचं घरातलं बोलणं हिंदीत चालतं, इथे मी ते मराठीत सांगतोय. मी थर्मामीटर काढला आणि म्हटलं, चीनचा माल, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून नवा आणला. तोही मुका निघाला. मेडिकलवाल्याशी भांडायला निघालो होतो, चप्पल घालता घालता थांबलो. एकाच घरात दोन थर्मामीटर मुके निघत नाहीत, एवढं गणित मला येतं.

आता माझा धंदा सांगितला पाहिजे, म्हणजे मला एवढं काय लागलं ते कळेल. बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझं दुकान आहे. मी गिटारीचा आवाज सुधारून देतो. लाकडाची गिटार नुसती हातात घेऊन वाजवली तर गोड वाजते, पण तिला वायर लावून स्पीकरवर घेतली की बहुतेक गिटारींचा आवाज प्लास्टिकचा डबा बडवल्यासारखा होतो. तो डबा घालवून पुन्हा लाकूड ऐकवायचं, हे माझं काम. चाळीस वर्षं हेच करतोय. पुण्यात दुकान चालवायचं तर पाटी लागते, म्हणून दारात माझ्या हातची पाटी आहे: "आवाज कसा हवा ते सांगू नये. ऐकून ठरवले जाईल." लोक फोटो काढून नेतात तिचा.

त्या रविवारी दुकान बंद असताना मी सामान आवरायचं निमित्त काढून एकटाच गेलो. माझ्याकडे एक यंत्र आहे. हव्या त्या पट्टीचा एकच सरळ आवाज त्यातून काढता येतो आणि बाजूच्या छोट्या पडद्यावर त्याची लाट दिसते. हेडफोन लावला आणि चकती फिरवत गेलो. खालचे आवाज ठणठणीत, मधलेही ठणठणीत. मग आवाज चढत गेला, बारीक होत गेला, आणि एका जागी कुणी उठून खोलीबाहेर निघून जावं तसा निघून गेला. मला वाटलं वायर सुटली. पडद्यावर बघितलं तर लाट चालूच होती, हिरवी आणि स्वच्छ. आणखी फिरवलं. लाट दाट होत गेली आणि माझ्या कानात काहीच नव्हतं.

मी बटण बंद केलं. घाबरलो होतो, दुसरा शब्द नाही. कारण शोधायला लांब जायला नको होतं. तरुणपणी वीस वर्षं गणपतीत मंडळांच्या स्पीकरच्या भिंती लावल्या. भिंतीसमोर उभं राहून कुठला कर्णा फाटलाय ते मी ओळखायचो आणि कानात कापसाचे बोळे घालणाऱ्यांना हसायचो. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी वरचा सगळा आवाज गेला होता. माझ्या दुकानातली हत्यारं बुधवार पेठेत कुणालाही विकत मिळतात. लोक जिना चढून वर येतात ते माझ्या कानासाठी.

ठरवलं, की कुणाला बोलायचं नाही. अनुभव आहे, कान कमी पडला तर हात सांभाळून घेईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्याआधीच्या सहा महिन्यांत तिघं जण गिटार परत घेऊन आले होते. "काका, आवाज जरा टोचतोय," म्हणाले होते. मी त्यांना सांगितलं होतं, की तुमचे कान मोबाइलनं बिघडलेत. ते तिघं मला आता रोज आठवायला लागले.

भाग्यश्री त्याच आठवड्यात आली. सव्वीस-सत्तावीसची, मूळची नांदेडची, हिंजवडीला नोकरी आणि राहायला धायरीत. स्वतः मराठीत गाणी लिहिते आणि गिटारवर म्हणते. चार वर्षं कॅफेत म्हणत होती, जिथे लोक सँडविच खाता खाता ऐकतात किंवा ऐकत नाहीत. आता नारायण पेठेतल्या एका छोट्या सभागृहात तिचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम ठरला होता. दीडशे खुर्च्या, आणि सगळ्या स्टेजकडे तोंड केलेल्या.

"काका, माझे बाबा येणारेत नांदेडहून," ती म्हणाली. "त्यांनी मला स्टेजवर कधीच ऐकलेलं नाही. त्यांना वाटतं, मी नोकरी सांभाळून टाइमपास करते. गिटार घरी मस्त वाजते, पण प्लग इन केली की एकदम चीप वाटते. मला ती घरातल्यासारखी ऐकू यायला हवी आहे, बस."

"वाजव."

"इथे?"

"मग काय, सारसबागेत जायचं?"

तिनं वाजवली. हात चांगला होता, उगाच जोर नव्हता. मग मी वायर लावून ऐकली आणि रोग कळला. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, तिच्या खाली आवाज पकडणारी एक बारीक पट्टी असते. हाडाचा तळ वाकडा होता, त्यामुळे दोन तारा दबून वाजत होत्या आणि बाकीच्या ओरडत होत्या. त्यावर कंपनीनं बसवलेलं सर्किट हलकं. मी म्हटलं, पंधरा दिवस लागतील. ती म्हणाली, कार्यक्रमाला सोळाच दिवस आहेत. "मग एक दिवस उरतोय," मी म्हटलं.

हे काम मी घ्यायला नको होतं. घेतलं, कारण मला स्वतःला दाखवायचं होतं की माझं काही बिघडलेलं नाही.

निम्मं काम उत्तम झालं, तेही सांगतो. काचेवर सँडपेपर चिकटवून हाडाचा तळ घासला, दर दहा घासांनी उजेडात धरून बघितला, फट राहिली नाही. सहाही तारा सारख्या बोलायला लागल्या. ते डोळ्याचं आणि हाताचं काम होतं. मग जुनं सर्किट काढून माझं बसवलं. लाकडातली हवा ऐकू यावी म्हणून पोटात एक छोटा माइक चिकटवला. माझ्या सर्किटला तीन बारके स्क्रू असतात: एक खर्जाचा, एक मधल्या आवाजाचा, एक वरच्या झळाळीचा. स्पीकरवर ऐकत ऐकत ते फिरवायचे, बरोबर जागा सापडली की थांबायचं आणि प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा एक थेंब टाकायचा. थेंब सुकला की स्क्रू हलत नाही. स्टेजवर कुणा साउंडवाल्यानं आत बोट घालून माझं काम बिघडवू नये म्हणून ही पद्धत मी सुरू केली. पहिली बाटली जिनतची होती, लग्नानंतर घरी राहिलेली. आता सुकली की मेहरुन तशीच दुसरी आणून ठेवते.

तिसऱ्या स्क्रूची जागा मला तोंडपाठ आहे. घड्याळात दोन वाजले की काटा असतो तिथे, इकडेतिकडे केसभर. नुसत्या आठवणीवर तिथे ठेवून थेंब टाकला असता तरी काम झालं असतं. मी ठेवला आणि वाजवून बघितलं. गिटार मेलेली वाटली. मला माहीत होतं की मेलेली गिटार नाही, माझा कान आहे. पण जे कानाला मेलेलं वाटतंय ते पुरं झालं म्हणायला हात धजेना. पाव फेरा दिला. थोडा जीव आला. आणखी पाव दिला. मग आवाज मला हवा तसा, पंचविशीत ऐकला होता तसा ऐकू आला, आणि मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

मेहरुन तेव्हा दुकानातच होती. अकरा वर्षं ती माझ्याबरोबर दुकानात बसते, खिडकीजवळच्या टेबलावर केबल तयार करते. तिचं सोल्डरिंग माझ्यापेक्षा साफ आहे, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. ती मान वर न करता म्हणाली, "टोचतंय."

"तुला काय कळतं त्यातलं," मी म्हटलं. हे वाक्य मी तिला अकरा वर्षांत इतक्यांदा म्हटलंय की तीही त्याला काही उत्तर देत नाही.

भाग्यश्री गिटार न्यायला आली तेव्हा तिनंही वाजवून बघितलं. सहाही तारा सारख्या लागताहेत म्हणून खूश झाली. मग जरा थांबून म्हणाली, "काका, खूपच चमकतोय का आवाज?"

मी तिला सांगितलं, की रिकाम्या खोलीत चमकणारच. हॉलमध्ये पडदे असतात, दीडशे माणसं असतात, कपडे असतात. ही सगळी मंडळी वरची चमक खातात, म्हणून इथे थोडी जास्त ठेवावी लागते. यातलं अक्षरही खोटं नाही. कुठल्याही साउंडवाल्याला विचारा. फक्त त्या दिवशी मी ते लपायला वापरलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असेल," आणि मी तिच्यासमोर तिसरा थेंब टाकला.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी होता. साउंड संतोषचा होता. संतोष माझ्याकडे सहा वर्षं शिकला, आता चाळिशीचा आहे, स्वतःचे स्पीकर, स्वतःची गाडी. मला अजून उस्ताद म्हणतो. भाग्यश्रीनं चारला पोचून आवाज तपासून घ्यायचा होता, पण ती सिंहगड रोडला अडकली आणि सव्वासहाला आली. साडेसहाची वेळ. पुण्यात कार्यक्रम वेळेवर सुरू झाला नाही तर पहिल्या रांगेतले लोक घड्याळाकडे बघून खोकतात. संतोषनं हळू आवाजात एक मिनिट गिटार ऐकली, वायर लागलीय एवढं बघितलं आणि पडदा वर गेला.

मी आणि मेहरुन तिसऱ्या रांगेत बसलो होतो. पहिलं गाणं तिनं गिटारीला जेमतेम हात लावत म्हटलं, ते निभावलं. दुसऱ्यात तिनं जोर धरला आणि संतोषनं आवाज वर घेतला. मला गिटार लख्ख ऐकू येत होती, अगदी दुकानातल्यासारखी. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी हसलो आणि मान हलवली.

मग माझ्या पुढच्या बाईंनी मांडीवरच्या मुलीचे कान दोन्ही हातांनी दाबले. त्यांच्या शेजारच्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. मला वाटलं, काय ही माणसं, इतकं चांगलं वाजतंय आणि ऐकायचं नाही. डावीउजवीकडे बघितलं. अख्खी रांग कानावर हात घेऊन बसली होती. संतोष मिक्सरवर वाकला होता. त्याचा हात वरखाली होत होता आणि त्याबरोबर गिटार गायब व्हायची आणि परत यायची. भाग्यश्रीनं पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी अजून हसतच होतो. काय चाललंय ते मला कळत नव्हतं आणि हसू काढून ठेवायचं सुचलं नाही.

मेहरुन माझ्या कानाशी आली. "शिट्टी वाजतेय," ती म्हणाली. "फार जोरात."

गिटारीच्या पोटातला माइक आपलाच आवाज स्पीकरमधून पुन्हा ऐकत होता आणि किंचाळत होता. वरची झळाळी मी इतकी चढवून ठेवली होती, की दुसरं काही होणं शक्य नव्हतं. दीडशे माणसांच्या कानात सुई जात होती आणि ती सुई करणारा एकटा माणूस तिसऱ्या रांगेत आरामात बसला होता.

संतोष शेवटी स्टेजवर धावला. त्यानं गिटारीच्या भोकातून बोट आत घातलं, स्क्रू चाचपला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बोट बाहेर काढलं. वायर उपटली आणि गिटारीपुढे साधा माइक उभा केला. भाग्यश्री या सगळ्यात गायची थांबली नव्हती. आठ गाणी ठरली होती, तिनं पाच म्हटली. टाळ्या झाल्या, पण लोक लवकर उठले.

बाहेर सभागृहाचे व्यवस्थापक संतोषला म्हणाले, "गाणी छान होती हो. शिट्टीची साथ कुणाची होती, तेवढं पत्रिकेत छापायचं राहिलं."

"माझ्या मॉनिटरचा, स्टेजवरच्या स्पीकरचा घोळ झाला साहेब," संतोष म्हणाला. "चूक माझी."

मी चार पावलांवर उभा होतो. माझं तोंड उघडलं नाही. व्यवस्थापक म्हणाले, पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघावा लागेल, आणि निघून गेले. संतोषनं केबल गुंडाळायला घेतली. मी जवळ गेलो तर मान वर न करता म्हणाला, "उस्ताद, आतला थेंब लागला बोटाला. स्क्रू हलवता आला नाही. कान दाखवून या एकदा."

जिन्यात भाग्यश्रीचे वडील भेटले. नागोराव त्यांचं नाव. पांढरा सदरा, हातात पिशवी. "तुम्हीच का ते गिटार दुरुस्त करणारे?" त्यांनी विचारलं. "मधी लई शिट्टी वाजली बघा. पण पोरगी काही थांबली नाही." मी त्यांना नमस्कार केला आणि खाली उतरलो.

रिक्षात मेहरुन म्हणाली, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"दुकानातला इन्व्हर्टर रोज सकाळी बीप बीप करतो. रोज मी उठून बंद करते. एकदाही विचारलं नाहीत, की उठून काय बंद केलंस." ती रस्त्याकडे बघत होती. "मला वाटलं, तुम्ही सांगाल."

मला राग आला. तिला सगळं माहीत होतं याचा, आणि रागवायचा हक्क राहिला नव्हता याचाही. मी म्हटलं, "तुला काय कळतं त्यातलं." सवयीनं तोंडून गेलं.

मंगळवारी दुपारी भाग्यश्री दुकानात आली. अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. गिटारीची पेटी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "काका, एकदा चेक करता का? त्या माणसाच्या सिस्टिमनं हिला काही झालं नाही ना बघा."

"वडील गेले?"

"काल गेले." ती पेटीच्या कडेवर नख फिरवत होती. "म्हणाले, गाणी बरी आहेत. पण लोक कानावर हात ठेवून बसले होते, तर नोकरी सोडायचा विचार करू नको. मी विचार करतही नव्हते खरं तर. पण त्यांनी तसं म्हणायला नको होतं." मग तिचा आवाज चढला. "मी हॉलवाल्यांना मेल लिहिलाय. संध्याकाळी पाठवणारे. आणि ऑनलाइन रिव्ह्यू टाकणारे, संतोषच्या नावासकट. दुसऱ्या कुणाचं असं व्हायला नको."

मी गप्प बसलो असतो तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. संतोष स्वतःहून बोलला नसता, मेहरुन तर नाहीच. तिसऱ्या स्क्रूवरचा थेंब काढून तो दोन वाजता आणून ठेवायचा, गिटार तिला द्यायची, की ती म्हणाली असती, बघा, साउंडवाल्याचीच चूक होती. हे सगळं मी एका दमात डोक्यात करून बघितलं. मला स्वतःची किळस आली.

"तो मेल पाठवू नकोस," मी म्हटलं. "संतोषची चूक नव्हती. शिट्टी माझ्यामुळे वाजली."

पेटीच्या कडेवर फिरणारं तिचं नख थांबलं.

"माझ्या कानाला वरचे आवाज ऐकू येत नाहीत. तुझं काम घेतलं तेव्हा मला माहीत होतं. तू विचारलंस, जास्त चमकतोय का, तेव्हाही माहीत होतं. पडद्यांचं आणि माणसांचं जे सांगितलं ते खरं असतं, पण तेव्हा मी ते तुला फसवायला सांगितलं. मेल लिहायचाच असेल तर माझं नाव लिही. पाटीवर पत्ता आहे."

खिडकीजवळ मेहरुनची सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवल्याचा आवाज झाला. तेवढा मला ऐकू आला.

"म्हणजे त्या दिवशी," भाग्यश्री सावकाश म्हणाली, "ती शिट्टी तुम्हाला ऐकूच आली नाही?"

"नाही."

"मी स्टेजवरून तुमच्याकडे बघत होते."

"हो."

"तुम्ही हसत होतात. मान हलवत होतात." तिचा आवाज आता खाली आला होता. "मला वाटलं, फक्त माझ्या जवळच्या स्पीकरमध्ये वाजतंय, समोर सगळं ठीक आहे. काका हसताहेत म्हणजे ठीकच आहे. म्हणून मी थांबले नाही. नाहीतर मी पहिल्या दोन सेकंदांत थांबले असते."

शनिवारपासून मी मनात बरंच काही तयार केलं होतं: वय, गणपतीतली वर्षं, संतोषला मिळालेलं एकच मिनिट. त्यातलं काहीही या वाक्यापुढे ठेवता येत नव्हतं. "माफ कर," म्हटलं. तेही पुरेसं नव्हतं, आणि तिनं ते पुरेसं आहे असं दाखवलं नाही.

मग तिच्यासमोरच मी संतोषला फोन लावला आणि सभागृहात जाऊन खरं सांगणार असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "राहू द्या उस्ताद." मी म्हटलं, "राहू द्यायचं नाही," आणि फोन ठेवला. भाग्यश्री तोवर स्टुलावर बसली होती. गिटार घेऊन निघून जाईल असं मला वाटलं होतं, पण ती गेली नाही.

"मग आता हिचं काय करायचं?" तिनं विचारलं. "तारा खरंच सारख्या वाजताहेत आता. बाकी सगळं चांगलं झालंय. तो एक स्क्रू कोण लावणार?"

मी मेहरुनकडे बघितलं. तिनं आमचं सगळं ऐकलं होतं. ती हात पदराला पुसत म्हणाली, "मला कुठे काय कळतं त्यातलं."

टोमणा मारल्यासारखी म्हणाली नाही. अकरा वर्षं ऐकलेलं वाक्य तिनं जसंच्या तसं परत दिलं, उसनी वाटी परत द्यावी तसं. मी उठून तिच्या टेबलाशी गेलो. गिऱ्हाइकासमोर बायकोची विनवणी करायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. "कळतं," मी म्हटलं. "तू टोचतंय म्हणालीस तेव्हा टोचतच होतं. तू ऐक. मी फिरवतो. बरोबर वाटेल तिथे हात वर कर."

ती लगेच उठली नाही. हातातली केबल पुरी केली, टोक कापलं, मग स्टूल ओढून दोन्ही स्पीकरच्या मधोमध बसली.

मी गिटारीच्या पोटात दिवा सोडला आणि सुईनं तिसरा थेंब खरवडला. लाल कपचे निघाले. भाग्यश्रीनं गिटार मांडीवर आडवी घेतली, त्या दिवशीचं दुसरं गाणं वाजवायला लागली, आणि मी बारका स्क्रूड्रायव्हर आत घालून उलटा फिरवायला लागलो. पाव फेरा. गिटारीतला मला आवडलेला सगळा उजेड कमी झाला. मेहरुननं हात मांडीवर ठेवला होता. आणखी पाव फेरा. आता ती मला गोधडीखाली वाजत असल्यासारखी वाटायला लागली. माझा हात आपोआप थांबला, उलट फिरायला निघाला.

"अजून," मेहरुन म्हणाली.

मी केसभर आणखी खाली नेला आणि तिनं हात वर केला. त्याच वेळी भाग्यश्री वाजवता वाजवता स्वतःशीच म्हणाली, "हां." स्क्रू कुठे आलाय ते मी बघितलं. दोन वाजायला थोडा कमी.

मला गोधडीखालचाच आवाज येत होता. त्या दोघींकडे बघितलं तर दोघींचे चेहरे सैल झाले होते. भाग्यश्रीनं डोळे मिटले होते, आणि मेहरुन गिटारीकडे अशी बघत होती जशी ती माझ्या दुकानात कधी कशाकडे बघितलेली मला आठवत नाही. तेवढ्यावरून मला कळलं, की आता बरोबर आहे. मी नेलपॉलिशची बाटली उघडून मेहरुनकडे दिली, आणि तिनं थेंब टाकला.